संख्येचा रकाना

साडेपाचला तलावाच्या पाळीवर बोलेरो थांबली.
सहा जण उतरले, गुडघाभर बुटांत,
दहा दिवसांच्या जागरणासकट.
आधी कोकणचा किनारा, मग घाटमाथा,
मग कच्छचं रण. वाळू अजून
सीटच्या फटीत होती.
शेवटी आमचं परसोडी.
त्यांच्या कागदावर आम्हाला एक सकाळ दिलेली.

बाबा डोंग्यातलं पाणी उपसत होता
डालड्याच्या जुन्या डब्यानं.
डाव्या डोळ्यात मोतीबिंदू, म्हणून मान तिरपी,
पाणकावळ्याची असते तशी.
"बोलू नोका," म्हणाला, "थेच बोलतीन."

मी मागच्या डोंग्यात, वही घेऊन.
तीन रकाने: नाव, संख्या, शेरा.
नावाशीच रोज भांडण.
खासनीसबाई पुस्तकात बघून म्हणतात चांदवा,
बाबा म्हणतो टिकलीवाली.
त्या म्हणतात कमळपक्षी,
तो म्हणतो शिंगाड्यावरची पोरगी,
पानावर पाय ठेवते आणि पानाला कळत नाही.
मी दोन्ही लिहिते. रकाना अरुंद आहे.

धुकं पाण्यावरून उठायला तयार नव्हतं.
मग पट्टकदंब दिसले, चाळीस-बेचाळीस,
डोक्यावर दोन काळ्या रेघा ओढलेले.
दुर्बीणवाला पोरगा कुजबुजला,
"काका, हे हिमालय ओलांडून येतात."
बाबानं वल्हं आडवं धरलं.
"तरीच. आल्यावर दोन दिवस
कोनाशी बोलत नाई."

"समुद्र पाहिलात कधी?" खासनीसबाईंनी विचारलं.
बाबा बराच वेळ काही बोलला नाही.
वर एक कुरव फिरत होता, पांढरा, हलका.
"हा एकडाव जाळ्यात गुतला होता.
सोडवता सोडवता चावला.
बोट तोंडात घातलं त खारट लागलं.
रगत होतं का समुद्र,
थे नाई मालूम."

पाळीच्या दगडावर रणगोजा शेपूट हलवत बसलेला.
सगळे एकदम ओरडले, अरे,
हा तर आम्ही रणात पाहिला, परवा!
"मंग तुमच्याच गाडीत आला असन,"
बाबा म्हणाला, आणि पहिल्यांदा
सहाही जण दुर्बिणी खाली ठेवून हसले.
रणगोजा उडाला. त्याचा शेरा लिहायचा राहिला.

ऊन अंगाला लागल्यावर परत फिरलो.
पल्याड लाखोरीच्या बांधीत सारस उभा होता.
पिकात गुडघे बुडालेले,
लाल मान, बाकीचा राखाडी,
कुणीतरी चुलीतली राख फासून ठेवल्यासारखा.
"एकच?" खासनीसबाई म्हणाल्या. "जोडीनं असतात ना?"
मी विजेच्या तारेकडे पाहिलं नाही.
ती गेल्या दिवाळीत ओढली,
आणि पंधरा दिवसांत एक नेला.
"थांबा," बाबा म्हणाला.

सारसानं मान वर केली आणि हाक दिली.
मग थांबला.
दुसऱ्याच्या दोन हाकांना लागते
बरोबर तेवढी जागा सोडून
पुन्हा आपली हाक.
पुन्हा जागा.
पोराचं रेकॉर्डिंग चालू होतं.
घरी जाऊन ऐकेल तेव्हा वाटेल त्याला
की मशीन मधे मधे बंद पडलं.

"दोन लिव," बाबा म्हणाला.
"एक," खासनीसबाई म्हणाल्या, हळू, पण ठाम.
मोजणी मोजणीसारखी व्हावी लागते,
हे मलाही पटतं.
मी एक लिहिलं.
शेऱ्यात लिहिलं: जागा सोडून बोलतो.

त्यांनी पैसे मोजून दिले, वर शंभर.
आईनं उकडलेले शिंगाडे बांधून दिले,
ओलसर, काळे, अजून गरम.
बोलेरो तारेखालून गेली.

रात्री जेवताना बाबानं विचारलं,
"कुंदे, त्याइच्या कागदावर आपला तलाव
कशात होता? दर्यात, पहाडात, का रेतीत?"
मी कागद पाहिला होता.
"इतर," म्हटलं.
"इतर," तो म्हणाला, चव घेऊन पाहावी तसा,
आणि भातातला काटा काढून
ताटाच्या कडेला ठेवला.